आधी नाव, मग विळा

देशाच्या पूर्वद्वाराचे तीस वर्षे अखंड रक्षण करणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर मी पाच वर्षे राहिलो. डोक्यावर अशासाठी, की ते तळमजल्यावर राहत आणि मी वरच्या खोलीत. 'पूर्वद्वाराचे रक्षण' हे शब्द मात्र माझे नाहीत. अनंतराव पळसुले निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कचेरीतल्या निरोपसमारंभात दिल्लीहून आलेल्या मोठ्या साहेबांनी ते उच्चारले. त्याच दिवशी गोदामाचा एक जमादारही निवृत्त होत होता. साहेबांनी पुढच्या पाच मिनिटांत त्यालाही तेच वाक्य लागू केले आणि दोघांच्या गळ्यात सारख्याच मापाचे हार पडले.

बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली ती अडुसष्ट साली. चेतल्यात, आदिगंगेच्या काळ्या पाण्याला पाठ करून उभ्या असलेल्या एका जुन्या घरात मला खोली मिळाली. घर एका विधवा बंगाली बाईंचे. त्यांना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. त्या तळमजल्यावर पुढच्या भागात राहत. मागच्या भागात पळसुले पती-पत्नी. मागे परसू होते, आणि परसाच्या मधोमध माशीमांच्या यजमानांनी लावलेले गंधराज लिंबाचे झाड. वरणभातावर या लिंबाची नुसती साल चोळली तरी सगळे घर जेवायला बसल्यासारखे वाटे. दर रविवारी माशीमा एक लिंबू पळसुल्यांकडे आणि एक माझ्याकडे पाठवीत. बाकी सगळ्या गोष्टींत त्या काटकसरी होत्या.

पळसुल्यांना कलकत्त्यातली मराठी माणसे अण्णा म्हणत, त्यांच्या पत्नीला काकू. मीही पहिल्या आठवड्यापासून अण्णाच म्हणू लागलो. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा आणि खिशात भिंग. खिदिरपूरच्या गोदीत त्यांची नोकरी होती. परदेशी जहाजांतून उतरणाऱ्या धान्याबरोबर, फळांबरोबर, खोक्यांतल्या पेंढ्याबरोबर एखादी नवी कीड किंवा नवे तण देशात शिरत नाही ना, हे पाहण्याची. तीस वर्षे त्यांनी पोत्यांत बांबूची नळी खुपसली, चाळण्या हलवल्या, गोदामाची झाडलोट कागदावर पसरून भिंगाखाली पाहिली. सापडत ती नेहमीची मंडळी, ज्यांची नावे पुस्तकात आधीच होती. एकदा केळ्यांच्या खोक्यात जिवंत विंचू निघाला, पण विंचू त्यांच्या खात्याकडे येत नव्हता.

घरीही ते कचेरी उघडीच ठेवत. संध्याकाळी परतले की उंबऱ्याबाहेर उभे राहून पँटच्या दुमडी उलट्या करायचे, छोट्या ब्रशाने झाडायचे, जे पडेल ते पाकिटात भरायचे. पाकिटे जुनी, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवलेली. त्यावर तारीख, धक्क्याचा क्रमांक, आणि 'दुमड, डावी' किंवा 'दुमड, उजवी'. पाहुण्यांनाही हीच शिस्त होती. मैदानातून चालत आलेल्या माणसाला काकू चहा विचारायच्या आधी अण्णा त्याचे मोजे विचारत.

"सरकारनं यांना गवतावर नेमलंय," काकू म्हणायच्या, "म्हशीला नेमायचं राहून गेलं." काकू मूळच्या वाईच्या. नवऱ्याच्या कामाबद्दल त्यांना आदर होता, पण तो त्या घरात वापरत नसत.

माझ्या आईने साताऱ्याहून थालीपिठाची भाजणी पाठवली तेव्हाची गोष्ट. पार्सल पोस्टमनने चुकून खाली दिले. संध्याकाळी ते मला मिळाले ते एका अहवालासह: 'भाजणी, सुमारे दोन शेर. सोंडे, जिवंत, दोन. मृत, एक. तणाचे बी नाही. खाण्यास हरकत नाही.' मी खाली जाऊन विचारले की सोंड्यांचे काय केलेत. ते म्हणाले, "ठेवलेत. तुला हवे होते?"

त्यांचे एक वाक्य होते आणि ते सगळ्या प्रसंगी चाले: आधी नाव, मग विळा. ज्याचे नाव ठाऊक नाही ते उपटायचे नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी दूर्वांची जुडी त्यांच्या हातात आली. एकवीस काड्या त्यांनी सुट्या केल्या आणि त्यांतल्या दोन बाजूला काढून हे वेगळेच गवत असल्याचे सांगितले. आरती खोळंबली. फोर्ट विल्यममधले एक मेजर गणवेषात उभे होते, तबक त्यांच्या हातात तापत होते. गुरुजी हळूच म्हणाले, "चालेल हो, गणपतीला चालेल."

"गणपतीला चालेल," अण्णा म्हणाले, "मला नाही चालणार." आणि ते दोन दूर्वा शोधायला बाहेर गेले. मेजरांनी तबक खाली ठेवले. पंचवीस मिनिटे देव आणि लष्कर दोघेही थांबले.

पण या सगळ्या काटेकोरपणाच्या तळाशी एक इच्छा होती, ती मला काकूंकडून कळली. अण्णांच्या बरोबरीने नोकरीला लागलेल्या एका माणसाला दुसऱ्या एका बंदरात कापसाच्या गासडीत परके तण सापडले होते. पुस्तकात त्या तणापुढे 'भारतात प्रथम नोंद' असे छापून खाली त्याचे नाव आले. एखाद्याच्या नावावर जमीन असावी तसे त्याच्या नावावर एक तण होते. अण्णांच्या नावावर काही नव्हते. निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली होती.

एकोणसत्तरच्या जूनमध्ये परसात, स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात, वेल उगवली.

तिथे अण्णांच्या अकरा कुंड्या होत्या. पाकिटांतले जे बी ओळखता येत नसे ते त्यांत पेरून ते वाट पाहत. दहा कुंड्यांत वर्षानुवर्षे नेहमीचेच निघाले होते. अकराव्या कुंडीच्या काठावर ही वेल लोंबत होती. पाने बदामाच्या आकाराची, समोरासमोर जोडीने. चुरगळली की हिरवट, जरा उग्र वास. अण्णांनी तिचे पान भिंगाखाली धरले, तीन पुस्तके उघडली, आणि जेवायला आले नाहीत. ही त्यांच्या कोणत्याच पुस्तकात नव्हती. त्यांची पुस्तके दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही.

पळसुल्यांकडे घरकामाला मालतीची आई येई. तिला दुसरे नाव असावे, पण आम्हाला ते कधी कळले नाही. कॅनिंगकडच्या एका गावाहून पहाटे सियालदहच्या गाडीत बसून ती बालिगंजला उतरे, आणि तिथून चालत चेतल्याला येताना काकूंसाठी गावाकडची पालेभाजी आणी. तिने वेल पाहिली आणि भांडी घासता घासता सांगितले की ही जर्मानी लता. आमच्याकडे रुळांच्या दोन्ही बाजूंना हीच आहे. हात कापला की पाला चोळून लावतात, रक्त थांबते.

अण्णांनी विचारले, कॅनिंगला कधी जर्मन आला होता काय. ती म्हणाली, तिच्या पाहण्यात नाही. मग अण्णांनी तो विषय संपवला. ऐकीव नावावर नोंद होत नसते.

तज्ज्ञांकडे नमुना पाठवायचा तर त्याला फूल हवे. फुलाशिवायचा नमुना म्हणजे चेहऱ्याशिवायचा फोटो, असे ते म्हणत. वेलीला फूल येईपर्यंत थांबणे भाग होते. वेल थांबायला तयार नव्हती. पावसाळ्यात ती दिवसाला बोटभर नाही, वीतभर वाढे. कुंड्या झाकल्या, काकूंच्या अळूचा वाफा झाकला, मग कपडे वाळत घालायच्या तारेवरून ती लिंबाच्या झाडावर गेली. जिथे जिथे तिचे पेर मातीला टेके तिथे ते मूळ धरी. ऑगस्टात लिंबाचे झाड हिरवी चादर ओढून झोपलेल्या माणसासारखे दिसू लागले.

माशीमांनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा हसून सांगितले. दुसऱ्यांदा मालतीच्या आईला पाठवून निरोप दिला. तिसऱ्यांदा स्वतः काठी टेकत मागच्या दारी आल्या. मी तेव्हा अण्णांकडे चहा पीत होतो.

"पोलशुलेबाबू," त्या म्हणाल्या, "गाछटा मोरे जाच्छे." झाड मरतेय.

अण्णा उभे राहिले. त्यांच्या मोडक्या बंगालीत त्यांनी समजावले, की ही वेल देशात कोणीही पाहिलेली नाही, फूल येईपर्यंत तिला हात लावता येत नाही, फक्त दोन महिने. हा शास्त्राचा प्रश्न आहे.

 माशीमा म्हणाल्या, आमच्या यांनी झाड लावलं तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही म्हणता तर दोन महिने. आणि गेल्या.

त्या रविवारी लिंबू आले नाही. पुढच्याही आले नाही. माझ्याकडचेही बंद झाले. मी त्या बाजूचा धरला गेलो होतो, आणि ते बरोबरच होते, कारण मी गप्प बसलो होतो.

काकू गप्प बसल्या नाहीत. "अहो, त्या बाईचा नवरा आहे ते झाड," त्या एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. अण्णा म्हणाले, मला कळतंय. काकू म्हणाल्या, "कळतंय तर विळा घ्या." अण्णा पानावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. त्यांना खरेच कळत होते. रोज सकाळी ते झाडाची एखादी फांदी वेलीतून हळूच मोकळी करत, वेल न तोडता. केसांतला गुंता सोडवावा तसे. संध्याकाळपर्यंत ती फांदी पुन्हा आत गेलेली असे.

दोन महिन्यांचे तीन झाले. नोव्हेंबरात फुले आली. पांढुरकी, बारीक, घोसाघोसाने. त्याच आठवड्यात अण्णांनी काकूंच्या दोन जुन्या मलमलच्या साड्या फाडून प्रत्येक घोसाला पिशवी बांधली, म्हणजे बी वाऱ्यावर जाऊन देशभर पसरायला नको. लिंबाचे झाड मांडवासारखे दिसू लागले. गल्लीतल्या दोन बायकांनी लग्न कोणाचे म्हणून विचारले. माशीमांनी मागची खिडकी लावून घेतली.

नमुना दोन कागदांत दाबून, वाळवून, मोठ्या पाकिटातून एका सरकारी वनस्पतितज्ज्ञांकडे गेला. सोबत चार पानी टिपण. अण्णांनी मला ते वाचायला दिले होते. भाषा संयमी होती. शेवटी एक वाक्य होते: 'प्रस्तुत लेखकाच्या मते ही या देशातील प्रथम नोंद असण्याचा संभव आहे.' त्यात 'संभव' हा शब्द खोडून पुन्हा लिहिलेला होता.

उत्तर यायला सहा महिने लागतील असा त्यांचा अंदाज होता. ते आठ दिवसांत आले. पोस्टकार्ड होते, म्हणून पोस्टमनपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी वाचले. वेलीचे लॅटिन नाव, आणि खाली: महायुद्धाच्या काळात या भागात आली असावी. आता बंगाल आणि आसामात सर्वत्र. आपल्या जिल्ह्यात रेल्वेच्या बांधांवर भरपूर आढळते. नमुना उत्तम दाबला आहे.

अण्णांनी ते दोनदा वाचले. "रेल्वेच्या बांधांवर," ते म्हणाले. मग त्यांनी मालतीच्या आईला बोलावून घेतले आणि खुर्चीवरून उठून तिला विचारले, की ही वेल या परसात कशी आली असेल, तिला काय वाटते.

तिला वाटण्यासारखे काही नव्हते. भाजीची जुडी ती रोज त्याच वेलीने बांधून आणायची. गावात सुतळी कोण वापरतो? जुडी सोडली की वेल मागच्या कोपऱ्यात टाकायची. रोजच.

साताऱ्याची भाजणी भिंगाखालून गेली होती. रोजची भाजी मात्र अण्णांच्या डोळ्यांदेखत, पण तपासणीशिवाय, स्वयंपाकघरात जात होती. काकूंना हसू आले, पण अण्णांचा चेहरा पाहून त्यांनी ते पदरात घेतले.

अण्णा आत गेले. मला वाटले, पडून राहतील. ते जुने बूट घालून बाहेर आले. विळा नको म्हणाले. कापले तर तुकडे पडतात आणि तुकडा पडला की रुजतो, हे सहा महिने पाहिल्यामुळे त्यांना ठाऊक होते. हाताने, मुळासकट, पेर न् पेर. मी, काकू, मालतीची आई आणि अण्णा अशा चौघांनी तीन रविवार ते केले. झाडावरची वेल आम्ही ओल्या चादरीसारखी गुंडाळत उतरवली. खाली लिंबाच्या फांद्या काटक्या झालेल्या होत्या. एकीला तेवढी पाने होती, सात. अण्णांनी मोजली. वेल गच्चीवर वाळवून काकूंच्या शेगडीत जाळली, आणि ती जळून राख होईपर्यंत अण्णा शेगडीपाशी बसून राहिले.

तिसऱ्या रविवारी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पुढच्या दारी गेले. मला बरोबर नेले, बहुधा साक्षीदार म्हणून. माशीमा पाटावर सुपारी कातरत होत्या. अण्णा म्हणाले, "माशीमा, भूल आमार." चूक माझी. पुढे बोलायला त्यांच्याजवळ बंगाली उरले नाही.

माशीमांनी विचारले, नाव मिळाले का? अण्णांनी होकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, मग बसा.

त्यानंतर अण्णा रोज कचेरीला जाण्याआधी परसाची एक फेरी मारत. नवीन कोंब दिसला की वाकून काढायचा आणि कॅलेंडरवर त्या दिवशीचा आकडा लिहायचा. एकाहत्तरच्या हिवाळ्यात, लढाईच्या दिवसांत, खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि सायरन वाजत होते, त्या पंधरवड्यातही कॅलेंडरवर आकडे आहेत. हळूहळू ते शून्यावर आले. लिंबाच्या झाडाने एका वैशाखात पाने धरली, दुसऱ्या वर्षी फूल, आणि एका रविवारी मालतीची आई पानात गुंडाळलेले एकच लिंबू घेऊन आली. ते अण्णांकडे गेले. मला वास मिळाला.

त्र्याहत्तर साली ते निवृत्त झाले. हार वगैरे मी सांगितलेच. पुण्याला काकूंच्या भावाने बांधलेल्या घराच्या मागची जागा त्यांना मिळाली होती. निघायच्या आदल्या दिवशी माशीमांनी गंधराजाची गुटी बांधून तयार केलेले रोप कुंडीसह त्यांच्या हातात ठेवले. अण्णांना ते घेता येईना. रोप एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात न्यायचे म्हणजे तपासणी हवी, प्रमाणपत्र हवे. काकूंनी कपाळाला हात लावला. अण्णा कचेरीत परत गेले. नोकरीचा शेवटचा दिवस संपायला दोन तास होते. कुंडीतली माती त्यांनी तीनदा चाळली, मुळे भिंगाखाली पाहिली आणि टाइपरायटरवर स्वतःसाठी स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र लिहिले: रोप व माती मी स्वतः तपासली असून ती सर्व परक्या तणांपासून मुक्त आहे. तीस वर्षांतली ती त्यांची शेवटची सही. हावड्याला गाडी सुटताना कुंडी त्यांच्या मांडीवर होती, गोणपाटात बांधलेली, आणि ते माशीमांना नमस्कार करायला हात मोकळे करू शकत नव्हते.

दोन वर्षांनी मी पुण्याला गेलो तेव्हा ते ब्रश घेऊनच दारात उभे होते. माझ्या पँटचे पाय तेव्हाच्या फॅशनप्रमाणे परकरासारखे रुंद होते आणि त्यांना दुमडच नव्हती. अण्णांनी ते पाहिले आणि ब्रश ठेवून दिला. लिंबाचे झाड कमरेएवढे झाले होते. काकूंनी जेवताना त्याचे एक पान वरणात टाकले. फळ अजून नव्हते.

जेवणानंतर अण्णा म्हणाले, "ती आली होती."

मला आधी कोण ते कळेना.

"पहिल्याच पावसाळ्यात. कुंडीच्या काठाशी. माती तीनदा चाळली होती मी. पण निघताना सुतळी संपली म्हणून मालतीच्या आईनं गोणपाट वेलीनं बांधलं. दोरी मी तपासली नाही."

मी विचारले, मग?

"वाचनालयात जाऊन पाहिलं. या जिल्ह्यात तिची नोंद नाही. कोणाचीच नाही."

 तीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या मागच्या दारी आपल्या पायांनी, खरे तर त्यांच्याच मांडीवर बसून, आले होते. एक फूल येऊ दिले असते तर पुस्तकात नाव होते. लिंबाचे रोप तेव्हा हातभर उंच होते.

"कोणाला दाखवलीत?"

"दाखवायला वेळ कुठे होता? नाव माहीत होतं," अण्णा म्हणाले. "त्याच दिवशी काढली."

काकूंनी सुपारीची डबी माझ्यापुढे सरकवली.

मग अण्णा उठून एक फाइल घेऊन आले. आपण दिलेले शेवटचे प्रमाणपत्र चुकीचे होते, ही गोष्ट त्यांनी कचेरीला लेखी कळवली होती, आणि योग्य ती कारवाई व्हावी अशी विनंतीही केली होती. पत्राची प्रत वर होती, खाली प्रमाणपत्र, त्यावर लाल शाईत 'रद्द' आणि सही. सगळ्यात खाली कचेरीचे उत्तर, दोन ओळींचे. लिंबाचे रोप कलकत्त्याहून पुण्याला नेण्यासाठी असे प्रमाणपत्र लागत नाही, आणि पूर्वीही कधी लागत नव्हते.